गुण कमी पडले, आता लॉ कुठे करायचं?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीसाठी विचारतोय, जरा सविस्तर लिहितो.

तिने यंदा बारावी केली, कला शाखा, ७८ टक्के. डिसेंबरात क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, दिली होती. १२०पैकी ६१ गुण आले, रँक पाच आकडी. राज्यातल्या तिन्ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांत, म्हणजे मुंबई, नागपूर आणि संभाजीनगरला, महाराष्ट्रातल्या मुलांसाठी राखीव जागा असतात. तिथेही नंबर लागला नाही. राज्याच्या लॉ सीईटीत बरे गुण आहेत, पण पुण्या-मुंबईच्या नावाजलेल्या कॉलेजांच्या गेल्या वर्षीच्या कटऑफला पोचत नाहीत.

घरात चार माणसं आणि चार मतं. वडील एसटीत चालक आहेत, तीन वर्षांनी निवृत्त होतील. ते म्हणतात, एक वर्ष थांबू दे, परत दे परीक्षा. मामा एका खासगी विद्यापीठाचं माहितीपत्रक घेऊन आलाय, वर्षाला फी आणि वसतिगृह धरून साडेतीन लाख. आईला वाटतं जिल्ह्याच्या गावी कॉलेज आहे तिथे घाला, रोज ये-जा होईल. आणि मला वाटतं आधी साधं बीए करावं, मग तीन वर्षांचं एलएलबी. तेव्हा कदाचित चांगलं कॉलेज मिळेल.

बहिणीला विचारलं तर म्हणते, तुम्ही ठरवा. निकाल लागल्यापासून ती अर्धी भाकरी ठेवून ताटावरून उठते. आईने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायचं सोडून दिलं.

ज्यांनी हा रस्ता बघितलाय त्यांनी कृपया लिहा.

निरंजना

दादा, सगळ्यात आधी एक विचारते. तिला वकील का व्हायचंय? कोर्टात उभं राहायचंय, कंपनीत काम करायचंय, न्यायाधीश व्हायचंय, की अजून नक्की नाही? याच्या उत्तरावर कॉलेज ठरतं. तुम्ही चौघांची मतं लिहिलीत, तिचं लिहिलं नाहीत.

पाऊलवाट

बरोबर आहे ताई. रात्री तिच्याशी बोलतो.

काळाकोट

मी जिल्हा न्यायालयात १६ वर्षं वकिली करतो, फौजदारी जास्त. माझं कॉलेजही जिल्ह्याच्याच गावचं, नाव सांगितलं तर शेजारच्या जिल्ह्यातल्याला ठाऊक नसेल. म्हणून थोडं लिहितो.

आमच्या कोर्टात आजवर एकाही पक्षकाराने मला विचारलं नाही की साहेब, तुम्ही कुठून शिकलात. तो विचारतो, जामीन कधी होईल. न्यायाधीश बघतात ते एवढंच: अर्ज नीट लिहिलाय का, कलम बरोबर लावलंय का, आणि 'पोलिसांचं म्हणणं काय' असं विचारल्यावर तुम्ही कागद चाळत बसता की थेट पान उघडता.

माझ्याकडे आतापर्यंत सात-आठ ज्युनिअर आले. त्यातली एक पोरगी तालुक्याच्या गावातून, मराठी माध्यमातून शिकलेली. पहिल्या आठवड्यात तिला गैरहजेरी माफीचा साधा अर्ज लिहायला दिला, तीन ओळींचा. तिने तो लिहिला आणि मग स्वतःहून जुन्या चार फाइली काढून त्यातले अर्ज, त्याखालचे न्यायाधीशांचे शेरे, रोजनाम्यातल्या नोंदी वाचत बसली. कुठला अर्ज मंजूर झाला, कुठला 'खर्चासह' झाला, कुठला फेटाळला, हे तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून काढलं. सहा महिन्यांत मी तिला एकटीला बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या खटल्यांची यादी, सांभाळायला सोडून उच्च न्यायालयात जाऊ लागलो. ही सवय कुठल्याही कॉलेजात लागू शकते आणि मोठ्या कॉलेजातही न लागू शकते.

मात्र जिल्ह्याच्या कॉलेजात काय कमी पडतं तेही सांगतो, नाहीतर फसवल्यासारखं होईल. इंग्रजी. खालच्या कोर्टाचं कामकाज आपल्याकडे मराठीत चालतं, पण निवाडे इंग्रजीत, उच्च न्यायालय इंग्रजीत, चांगली पुस्तकं इंग्रजीत. आमच्या वर्गात सर मराठीत समजावून सांगायचे, नोट्स द्यायचे, आम्ही त्या पाठ करायचो आणि पास व्हायचो. मूळ निवाडा अख्खा वाचला तो वकिलीची सनद मिळाल्यावर. तोपर्यंत पाच वर्षं गेली होती. ती तूट भरून काढायला मला पुढची चार वर्षं लागली. बहिणीला पहिल्या दिवसापासून आठवड्याला एक निवाडा मुळातून वाचायला सांगा, कळो न कळो.

निरंजना

काळाकोट यांना अनुमोदन. दुसरी बाजूही मांडते, कारण मी त्या बाजूला आहे. मी राष्ट्रीय विधी विद्यापीठातून शिकले आणि मुंबईत एका लॉ फर्ममध्ये आहे. मोठ्या फर्म ठरावीक कॉलेजांत जातात, शेवटच्या वर्षाच्या आधीच मुलं निवडून ठेवतात. त्या यादीत कॉलेज नसेल तर अर्ज उघडलाही जाईल याची खात्री नसते. हे अन्यायाचं आहे, पण असंच आहे. त्यामुळे तिला कंपन्यांचे करार, विलीनीकरणं असलं काम करायचं असेल तर कॉलेजच्या नावाला किंमत आहे, आणि एक वर्ष थांबण्यात अर्थ असू शकतो.

तिथेही दार एकदाच उघडतं असं मात्र नाही. माझ्या टीममध्ये दोघं जण साध्या कॉलेजातून एलएलबी करून, क्लॅटची पदव्युत्तर परीक्षा देऊन, राष्ट्रीय विद्यापीठात एक वर्षाचं एलएलएम करून आलेत. पदवीनंतरचं तीन वर्षांचं एलएलबीही हलकं समजू नका. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५चं, पुण्याचं आयएलएस १९२४चं. दोन्हीकडे तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, राज्याच्या सीईटीतून. दिल्ली विद्यापीठाचं तीन वर्षांचं एलएलबी आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यालयानेही २०२२पासून तीन वर्षांचं सुरू केलंय, त्याची परीक्षा वेगळी असते. तुमचा बीएचा पर्याय अगदीच सोडून देण्यासारखा नाही, दादा. फक्त त्यात सहा वर्षं जातात हे धरून चला.

मोहर

मी एक वर्ष थांबले होते. अनुभव लिहिते, सल्ला नाही.

पहिल्यांदा माझेही साठच्या आसपासच आले होते. थांबायचं ठरवलं तेव्हा बाबांनी क्लास लावला, मैत्रिणी सगळ्या कॉलेजात गेल्या. ऑगस्टपर्यंत उत्साह होता. दिवाळीच्या आसपास मी दुपारी झोपायला लागले. सकाळी उठून वर्तमानपत्र वाचायचं, उतारे सोडवायचे, तेच तेच. घरी कोणी आलं की मी आतल्या खोलीत. दुसऱ्यांदा गुण वाढले, नागपूर मिळालं, आणि मला त्याचं समाधान आहे. पण माझ्याबरोबर क्लासला असलेल्या तिघींचे गुण जवळपास तेवढेच राहिले, आणि मग त्यांनी आदल्या वर्षी जे कॉलेज नको म्हटलं होतं तिथेच प्रवेश घेतला.

थांबायचं असेल तर आधी जुनी उत्तरपत्रिका काढून बघा, गुण कुठे गेले. क्लॅटमध्ये आता सगळे उताऱ्यांवरचे प्रश्न असतात, दोन तासांत १२०, आणि चुकलं की पाव गुण जातो. तिचे प्रश्न सोडवायचे राहिले की सोडवलेले चुकले? वेग कमी पडला असेल तर तो सरावाने वाढतो, माझं तेच झालं. उताराच नीट कळत नसेल तर तो वाचनाचा प्रश्न आहे. तो आठ महिन्यांत थोडाच सुटतो.

शिवाय क्लॅट पुन्हा द्यायची तर घरीच बसायला हवं असं नाही. वयाची अट नाही. राज्याच्या प्रवेशफेऱ्या लांबतात, कॉलेज उशिरा सुरू होतं. प्रवेश घेऊन डिसेंबरात परत परीक्षा देणारी मुलं मी बघितलीत.

शिदोरी

वाचतेय. माझा भाचाही याच नावेत.

जुनाओटा

मामांनी आणलेल्या माहितीपत्रकाबद्दल बोलायलाच हवं, म्हणून पहिल्यांदाच इथे लिहितोय.

माझ्या मुलाचे गुण कमी पडले तेव्हा मी व्यवस्थापन कोट्यातून एका खासगी कॉलेजात त्याला घातलं. नाव घेत नाही. गावाकडची दीड एकर विकली. प्रवेशाच्या दिवशी आम्हाला वातानुकूलित खोलीत बसवलं, लाकडी पिंजरा असलेलं नकली कोर्ट दाखवलं, ग्रंथालय दाखवलं. पुस्तकांचे गठ्ठे नवेकोरे होते. मला त्यात आनंद वाटला. दोन वर्षांनी पोरगा बोलला, बाबा, ते गठ्ठे अजून तसेच आहेत, काही पुस्तकांची पानंसुद्धा फाडून वेगळी केलेली नाहीत. शिकवायला येणारे अर्धे सर दर सहा महिन्यांनी बदलायचे. घटनेचा विषय एकाच सत्रात तिघांनी शिकवला. हजेरी मात्र पैसे भरले की पूर्ण व्हायची.

मुलाचा दोष नव्हता. तो आज वकिली करतो, बरं चाललंय. पण जमिनीचं दुःख मला आहे. मी चकाकी बघितली आणि तास चालू असताना एका वर्गात डोकावून बघितलं नाही, एवढंच माझं चुकलं. पाऊलवाट, तुमचे वडील निवृत्त होणार आहेत म्हणालात. पाच वर्षांचे साडेसतरा लाख होतात. हात जोडून सांगतो, आधी जाऊन बघा.

काळाकोट

काका, लिहिलंत ते फार बरं केलंत.

बघायला जाताना काय बघायचं ते सांगतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त कॉलेजांची यादी असते. त्यात नाव आहे का आणि मान्यता कुठल्या वर्षापर्यंत आहे ते पाहा. मान्यता नसलेल्या कॉलेजच्या पदवीवर सनद मिळत नाही. दुसरं, मंगळवार-बुधवारी साडेअकराला जा, न सांगता. वर्गात किती मुलं आहेत बघा. बार कौन्सिलचा नियम ७० टक्के हजेरीचा आहे. वर्ग रिकामा असेल आणि कोणाचीच परीक्षा अडत नसेल तर काय समजायचं ते समजा. तिसरं, ग्रंथालयात जाऊन तिथल्या काकांना विचारा की मुलं सगळ्यात जास्त कुठलं पुस्तक नेतात. गाइडचं नाव सांगितलं तर एक अर्थ, बेअर अ‍ॅक्ट (कायद्याचा नुसता मूळ मजकूर) किंवा निवाड्यांचे खंड म्हणाले तर दुसरा. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आणि तिच्याबरोबरचे दोन कायदे लागू झालेत. त्यांच्या प्रती कपाटात आहेत का, की अजून नुसती जुनी दंडसंहिताच आहे, हेही दिसेल.

आणि कॉलेजपासून कोर्ट किती लांब आहे ते मोजा. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करावीच लागते. कोर्ट चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर ही मुलगी २० आठवड्यांवर थांबणार नाही.

कागदपत्रे_वेळेत

फीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून.

जुलै २०२४च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. मेख अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्याला नाही, खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांनाही नाही. मामांचा पर्याय आणि आईंचा पर्याय यांच्यातला फरक नुसता फीचा राहत नाही मग, एकीकडे साडेतीन लाख आणि दुसरीकडे जवळपास शून्य असा होतो. तुम्ही कुठल्या प्रवर्गात आहात माहीत नाही, पण महाडीबीटीवर जाऊन आजच बघा.

नॉन-क्रीमीलेअर, अधिवास, जात प्रमाणपत्र आणि जात वैधता काढून ठेवा. वैधतेसाठी फेरी थांबत नाही. मी सेतू केंद्रात बसतो. जुलैत रडत येणारे पालक दरवर्षी बघतो, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या मुलांचे गुण पुरेसे असतात.

आणि पसंतीक्रम भरताना 'हे मिळणारच नाही' म्हणून कॉलेज वगळू नका. वर स्वप्नातली कॉलेजं टाका, खाली खात्रीची. वरचं नाव लिहिल्याने खालचं हातचं जात नाही. शेवटच्या फेऱ्यांत जागा सुटतात. पण पहिल्या पसंतीचं मिळालं आणि तुम्ही गेला नाहीत तर अडचण होते, म्हणून एक नंबरला तेच लिहा जिथे खरंच जायचंय.

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

आम्ही ओबीसीत आहोत, वडिलांचं उत्पन्न मर्यादेत बसतं. ही सवलत आम्हाला माहीतच नव्हती.

बहिणीशी बोललो. गच्चीवर, लाइट गेली होती तेव्हा. तिला न्यायाधीश व्हायचंय. आमच्या आत्याचा पोटगीचा दावा चालू होता, सहावीत असताना ती आत्याबरोबर तारखेला जायची. एकदा मॅडम न्यायाधीशांनी समोरच्या वकिलाला थांबवून आत्याला विचारलं, 'तुम्हाला काय सांगायचंय?' आत्या रडायलाच लागली आणि मॅडम थांबल्या. ते हिच्या डोक्यात बसलंय. इतक्या वर्षांत हे आम्हाला कोणालाच सांगितलं नव्हतं तिने.

आता न्यायाधीश व्हायचं असेल तर कॉलेजने काय फरक पडतो?

काळाकोट

अरे, हे आधी सांगायचंस ना!

दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी ही परीक्षा आपल्याकडे एमपीएससी घेते. तिथे कॉलेजच्या नावाला गुण नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ला निकाल दिला की या पदासाठी किमान तीन वर्षांची वकिली हवी. पदवी घेऊन थेट परीक्षेला बसता येणार नाही. ही तीन वर्षं तात्पुरती सनद मिळाल्यापासून मोजतात, पण अखिल भारतीय बार परीक्षा ठरलेल्या मुदतीत पास व्हावीच लागते. सनदेच्या फीचं म्हणाल तर जुलै २०२४च्या निकालाने नोंदणी शुल्क कायद्यात आहे तेवढंच, खुल्या वर्गाला ७५० रुपये, असं बांधून दिलंय. आमच्या वेळी त्यासाठी उसने घ्यावे लागले होते.

म्हणजे तिचा हिशेब असा. पाच वर्षं कॉलेज, तीन वर्षं खरी वकिली. त्या तीन वर्षांत साक्षीपुरावा, उलटतपासणी, मनाई हुकमाचे अर्ज हे सगळं हाताखालून जायला हवं, आणि ते जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या कोर्टात जितकं मिळतं तितकं मोठ्या शहरात नवीन पोराला मिळत नाही. तिथे पहिली दोन वर्षं नुसत्या तारखा घेण्यात जातात. ओळखीचा सीनियर, ओळखीचं कोर्ट, मराठीत काम. तिच्यासाठी जिल्ह्याचं कॉलेज कमीपणाचं नाही, तिच्या वाटेवरचंच आहे. अट एकच, कॉलेज जिवंत हवं. ते बघून घ्या.

निरंजना

पटलं. मी वर एक वर्ष थांबण्याबद्दल लिहिलं होतं, ते मागे घेते. न्यायाधीश व्हायचं असेल तर त्या एका वर्षाचा काही उपयोग दिसत नाही. वीस वर्षांच्या नोकरीत बढतीला एक वर्षसुद्धा महत्त्वाचं ठरतं.

इंग्रजीचं मात्र काळाकोट म्हणाले ते पक्कं धरा. उच्च न्यायालयाचे निवाडे संकेतस्थळावर फुकट मिळतात. तिला सांगा, पहिल्या वर्षी फक्त घटना वाच, म्हणजे त्या खटल्यात काय घडलं तेवढंच. कायद्याचा भाग दुसऱ्या वर्षी आपोआप उलगडतो. तिला कधी अडलं तर मला इथे निरोप पाठवू दे, मी फोनवर समजावून सांगेन.

मोहर

बहिणीला माझ्याकडून सांगा, ६१ गुण कमी नाहीत.

पाऊलवाट

उशिरा लिहितोय, क्षमस्व.

गेल्या बुधवारी बहीण, वडील आणि मी न सांगता कॉलेजात गेलो. साडेअकरा वाजले होते. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात पस्तीसेक मुलं होती, कराराचा कायदा चालू होता. सरांनी आम्हाला दारात बघितलं आणि आत बसा म्हणाले. वडील शेवटच्या बाकावर बसले, टोपी मांडीवर घेऊन. सर सांगत होते, देकार आणि स्वीकार. वडिलांनी हळूच मला विचारलं, म्हणजे तिकीट फाडलं की झाला का करार? बहिणीने ऐकलं, आणि खूप दिवसांनी हसली.

इमारत जुनी आहे, छत एका कोपऱ्यात गळतं. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नव्हती, ते प्राचार्यांना सांगून आलोय. ग्रंथालयातल्या काकांना विचारलं. ते म्हणाले, गाइडच नेतात बहुतेक, पण चार-पाच पोरं आहेत जी संध्याकाळी खंड वाचत बसतात, त्यांच्यासाठी मी सातपर्यंत थांबतो. नव्या संहितांच्या प्रती होत्या, वापरून कोपरे दुमडलेल्या. कोर्ट तिथून अकरा मिनिटं, मी घड्याळ लावून चाललो.

पसंतीक्रम भरलाय. वरती पुणे, मुंबई, संभाजीनगरची कॉलेजं टाकलीत, आणि पाचव्या नंबरला हे. वैधतेची पावती मिळाली, प्रमाणपत्र यायचंय.

येताना बस स्टँडवर तिने स्वतःच्या पैशाने नागरिक सुरक्षा संहितेचं पुस्तक घेतलं. घरी आल्यावर कव्हर घालायला वर्तमानपत्र शोधत होती, आणि कलम १४४ उघडून आईला वाचून दाखवत होती. पोटगीचं कलम आहे ते.

काळाकोट

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते १२५ होतं. तिला सांग, दोन्ही नंबर पाठ कर. जुने दावे अजून वर्षानुवर्षं चालायचेत.